छबुबाईने दाबलेली चार बटणं

अशफाकच्या दुकानात आज कुठलाही मोबाईल मागा, मिळेल. पण एखाद्या गिऱ्हाइकाने सहज विचारलं, ‘ते बटणं बाहेर सरकणारे फोन यायचे बघा, ते कुठं गेले?’ की अशफाक फडकं घेऊन स्वच्छ काऊंटर पुसायला लागतो. चौसाळ्यातल्या जुन्या माणसांना कारण ठाऊक आहे. तीही विषय बदलतात, कारण त्या दिवशी तिथे उभं राहून हसणाऱ्यांत त्यातले बरेच जण होते.

दुकान मुळात घड्याळांचं. अशफाकचे वडील खाजामियाँ डोळ्याला भिंग लावून दिवसभर मान मोडून बसायचे. पण त्यांच्याकडे घड्याळांपेक्षा पत्रंच जास्त यायची. ज्याला वाचता येत नाही त्याने पत्र आणायचं, खाजामियाँनी भिंग बाजूला ठेवून वाचून दाखवायचं, आणि हवं तर उत्तरही लिहून द्यायचं. वाईट बातमी असली की आधी माणसाला पाणी द्यायचे, बसवायचे, मग वाचायचे. कुणाच्या पत्रातला शब्द दुकानाबाहेर गेला नाही. दुकानाच्या ओट्याशी सीताफळांची टोपली घेऊन बसणाऱ्या छबुबाईची सगळी पत्रं त्यांनीच वाचली. नवरा गेल्याची तारसुद्धा.

वडील वारले, घड्याळं कुणी वापरेनासं झालं. अशफाकने औरंगाबादला तीन महिने राहून मोबाईल दुरुस्तीचा कोर्स केला आणि टेबलावरची भिंगं उचलून ठेवली. हात बापासारखाच हुशार. जीभ मात्र स्वतःची होती. गिऱ्हाईक हसत बाहेर गेलं पाहिजे, असं तो म्हणायचा. कोण कुणावर हसतंय, ह्याचा विचार त्याला शिवला नव्हता.

दोन हजार अकरा साली दसऱ्याच्या तोंडावर त्याने तो फोन आणला. वरून बघायला नुसती काळी काच. बोट ठेवलं की आतलं चित्र सरकायचं, फोटो दोन बोटांनी ताणला की मोठा व्हायचा. पण खरी गंमत पुढेच. अंगठ्याने काच जराशी ढकलायची, की ‘खट्’ आवाज करून खालून बटणांच्या चार ओळी बाहेर यायच्या, टेबलाचा खण ओढावा तशा. आणि फोन आडवा होताच काचेवरचं चित्रही आडवं व्हायचं. विकत घेण्याची ऐपत गावात दोघा-तिघांचीच, बघण्याची हौस मात्र अख्ख्या गावाला. समोरचा हॉटेलवाला बजरंग तर दर गिऱ्हाइकाला चहा द्यायच्या आधी म्हणायचा, ‘आधी जाऊन त्यो खट्ट बघून ये.’

काचेची एक खोड होती. नांगर, कोयता धरून घट्टे पडलेल्या बोटांना ती दादच देईना. माणसं दाबून दाबून थकायची. बटणं मात्र कुणाच्याही बोटाने दबायची. म्हणून अशफाकने युक्ती काढली. फोन उघडायचा, माणसाला त्याच्या नावाची अक्षरं दाखवायची आणि त्याच्याच बोटाने दाबायला लावायची. बटणं इंग्रजी. मराठी त्या फोनला येतच नव्हतं, मराठी निरोप आला तर नुसते चौकोन दिसायचे. पण इंग्रजीत का होईना, आपलं नाव आपल्या बोटाने उजेडात उमटलेलं बघून माणसं हरखून जायची. आठ दिवसांत निम्म्या गावाची नावं त्या काचेवर येऊन पुसली गेली.

एका बाजारच्या दिवशी छबुबाई पदराला हात पुसत ओट्यावर चढली. अंगाने थोराड, सावळी, बोलायला मोठ्या आवाजाची. पोरगा-सून उसाच्या कोयत्यावर, तोडणीला गेलेले, नातवंडंही त्यांच्याबरोबर. घरी एकटीच.

‘अशफाक, माजं बी नाव काढ रं त्याच्यात. समद्यायचं काढतूस.’

दुकानासमोर सात-आठ जण उभे होते. बजरंग चहाची किटली घेऊन त्यांच्यातच. तो हळूच अशफाकच्या कानाशी लागला, ‘येडी म्हनून काढ बे. तिला काय कळतंय.’

अशफाकने विचार केला नाही. हे त्याने नंतर स्वतःशी हजारदा म्हणून पाहिलं, पण त्यात समाधान नाही, कारण विचार करायला वेळ होता. चार बटणं होती. चारही त्याने एकेक करून दाखवली आणि छबुबाईने आपल्या जाड बोटाने एकेक करून दाबली. वाय, ई, डी, आय. पुढचा माणूस फिसकन हसला. मग सगळेच हसले. आपलं नाव उमटलं म्हणून लोक खूश झाले असं वाटून छबुबाईही हसली, सगळ्यांपेक्षा मोठ्याने.

‘येवढंच? चारच अक्षरं?’ ती म्हणाली. ‘लई सोपं हाय की! मराठीत ती शेजारची गीताबाई मला शिकवायला बसती तर त्या छच्या वेटोळ्यातच मी अडकून पडते. हे कागदावर काढून दे.’

इथे अशफाकला थांबता आलं असतं. ‘मावशी, चुकलं, पुन्हा काढू’ एवढं म्हटलं असतं तरी भागलं असतं. पण माणसं अजून तोंडावर हात धरून उभी होती, बजरंग डोळे मिचकावत होता, आणि त्यांच्यासमोर माघार घ्यायची अशफाकला लाज वाटली. केवढी चुकीची जागा निवडली लाजेने! त्याने पावतीपुस्तकातला एक कागद उलटा केला आणि तीच चार अक्षरं ठळक काढून तिच्या हातात दिली. तिने कागदाची घडी करून कमरेच्या पिशवीत ठेवली आणि त्याच्यासाठी टोपलीतली दोन पिकलेली सीताफळं काढून ठेवली. ती त्याने खाल्लीसुद्धा.

चार दिवसांनी कळलं की कागद तिने कशासाठी नेला. बायकांच्या बचत गटाने छबुबाईला अध्यक्ष केलं होतं. गीताबाई सचिव. बँकेत खातं काढायचं, दोघींनी सह्या करायच्या. अंगठा चालला असता, पण छबुबाईने जिद्दच धरली होती. अध्यक्ष झालेय तर सहीच करीन, बारा बायकांसमोर शाईत बोट बुडवणार न्हाई, असं ती सांगत सुटली. गिऱ्हाईक नसलं की ओट्याखालच्या मातीत काडीने तीच चार अक्षरं गिरवायची. पहिलं बेचकीसारखं, शेवटचं नुसती उभी काडी. मधल्या दोघांवर तिने आठवडा घातला. दुकानात बसल्या जागेवरून अशफाकला ती माती दिसायची. तो खुर्ची फिरवून बसायला लागला, तरी काडीचा आवाज येतच होता.

सांगून टाकावं म्हणून तो दोनदा ओट्यावर आला. एकदा ती म्हणाली, ‘बघ, आज न बघता काढलं.’ एकदा म्हणाली, ‘पोरगा फोनवर ईश्वासच ठेवंना, म्हनला आई तू आन् सही?’ दोन्ही वेळा अशफाक ‘छान, छान’ म्हणून आत गेला. मनाशी म्हणायचा, बँकवाले सही वाचत नाहीत, नुसती जुळवून बघतात. कुणाला कळणार? आणि असं मनात आलं की त्याची त्यालाच शिसारी यायची.

मग त्याने भित्र्या माणसाचा उपाय केला. तिचं खरं नाव इंग्रजीत सुबक काढलं आणि म्हणाला, ‘मावशी, हे घे. हे जास्त चांगलं दिसतंय.’

छबुबाईने कागद लांब धरून बघितला. ‘ही तर लांबलचक आगगाडी हाय. न्हाई रे बाबा. आन् नाव कावून बदलायचं? माज्या बोटानं उमटलेलं त्येच खरं.’

‘मावशी, ते...’

‘बरं ऐक, सोमवारी बँकेत यायचं हाय तुला. कुनीतरी ओळख द्यावी लागती म्हनं, त्यांचा खातेदार. मी तुजं नाव सांगून आले.’

सोमवारी अशफाक गेला. न जाण्याची हिंमतही त्याच्यात नव्हती. रात्रभर त्याने ठरवलं होतं की वाटेत सांगायचं. वाट सगळी दहा मिनिटांची. छबुबाईने ठेवणीतलं हिरवं लुगडं नेसलं होतं, गीताबाईने केसात फूल माळलं होतं, मागे गटाच्या आणखी चार-पाच बायका. त्यांच्यासमोर कसं सांगणार? बँकेच्या पायरीपर्यंत तो ‘आता’, ‘आता’ म्हणत आला आणि पायरी संपली.

मॅनेजर नवीन होते, नांदेडकडचे, तरणे आणि मायाळू. गीताबाईने मराठीत सही ठोकली. मग छबुबाई खुर्चीवर नीट सावरून बसली, पेन मुठीत धरलं आणि तीन चौकटींत तीनदा नाव काढलं. जीभ दातांत धरून, घाम पुसत. सरळ, स्वच्छ, एकही रेघ चौकटीबाहेर नाही. मागच्या बायकांनी टाळ्या वाजवल्या.

मॅनेजरांनी फॉर्म ओढून घेतला. बघितला. पुन्हा बघितला. मग चष्मा काढून म्हणाले, ‘आजी, ही सही तुम्हाला कोणी शिकवली?’

छबुबाईने अभिमानाने बोट केलं. ‘ह्यानं. आमच्या अशफाकनं.’

मॅनेजर अशफाककडे बघत राहिले. रागावले असते तर बरं झालं असतं.  अशफाकला वाटलं, पायाला पाय लावून पळावं, जमिनीत गडप व्हावं, काय वाटेल ते व्हावं, पण ह्या खोलीत असू नये.

‘काय झालं सायेब?’ छबुबाई गोंधळली. ‘चुकलं का माजं? दुसरा कागद द्या, पुन्यांदा काढते. घरी धडाधड येत होतं.’

ती पुन्हा पेन उचलायला लागली तेव्हा अशफाकने तिचा हात धरला.

‘मावशी, तुजं चुकलं न्हाई. ते तुजं नाव न्हाई.’

‘मग काय हाय?’

 मॅनेजर त्याच्या मदतीला येणार नव्हते. लिहून देणारा तोच होता आणि वाचायचंही त्यालाच होतं. त्याने वाचलं. एकच शब्द, इतक्या हळू आवाजात की गीताबाईने ‘काय म्हनला?’ विचारलं आणि त्याला तो दुसऱ्यांदा म्हणावा लागला.

 छबुबाईने फॉर्मवरच्या तीन चौकटी एकेक करून बघितल्या. डोळ्यांत पाणी वगैरे आलं नाही. फक्त चेहरा उतरत गेला, बघता बघता, आणि पंधरा दिवसांपूर्वीचा तो बाजारचा दिवस तिच्या ध्यानात येतोय हे अशफाकला समोर दिसत होतं. दुकानासमोरची माणसं, बजरंगची किटली, ते हसणं. त्यात तिचं स्वतःचंही.

‘मावशी, मला माफ कर,’ तो म्हणाला. ‘गंमत केल्ती. मग सांगायला तोंडच न्हाई ऱ्हायलं.’

तिने त्याच्याकडे बघितलंही नाही. मॅनेजरांना म्हणाली, ‘सायेब, नवा कागद द्या. आन् शाई द्या.’

गीताबाई म्हणाली, ‘अगं, आपुन शिकू की नीट, आठ दिवसांनी येऊ...’

‘न्हाई. शाई द्या.’

मॅनेजरांनी कोरा फॉर्म काढला, शाईचा पॅड पुढे सरकवला. छबुबाईने डाव्या हाताचा अंगठा टेकवला आणि बारा बायकांचं खातं काढलं. अंगठा हिरव्या लुगड्याच्या पदराला पुसला. मग मॅनेजरांची नजर ओळख देणाऱ्याच्या रकान्यावर गेली. अशफाकने पेन हातात घेतलं होतं, पण टेकवायचं धाडस होत नव्हतं. मॅनेजरांनी तिलाच विचारलं, ‘आजी, ह्यांची सही चालेल ना? तुमच्या चांगल्या ओळखीचे आहेत?’

छबुबाई उठली. टाळ्या वाजवणाऱ्या बायका आता भिंतीला टेकून खाली बघत होत्या.

‘ह्याचा बाप ओळखीचा होता,’ ती म्हणाली. ‘दुसरं कुनी मिळतंय का बगा.’