बाराखडीची हजेरी

रुग्णालयाच्या धुलाईघरात तिला सगळ्या बाराखडी म्हणतात. पुढ्यात येईल ते वाचायचं, ही तिची खोड. साबणाच्या पोत्यावरची सूचना, औषधाच्या डबीवरचा बारीक मजकूर, दारावरची जुनी नोटीस. "अगं, तीच नोटीस आहे गेल्या वर्षीची, पाठ झाली असेल तुला," बायका चिडवायच्या. "शेवटची ओळ वाचलीय का कुणी?" ती विचारायची. कुणीच वाचलेली नसायची, म्हणून नाव पडलं आणि चिकटलं.

धुलाईघर तळघरात आहे. एका अंगाला धुण्याची मोठी यंत्रं, दुसऱ्या अंगाला चादरी वाळवून दाबणारा तापलेला रूळ, मधे मळक्या कपड्यांची पोती. पोत्यात काय निघेल सांगता येत नाही. चादरीत गुंडाळलेली सुई निघते, कवळी निघते, एकदा चालू घड्याळ निघालं होतं. भिंतीला कायम घाम. बाराखडी रुळावर असते. ओली चादर दोन्ही हातांनी ताणून आत सारायची, सुरकुती पडू द्यायची नाही, बोटं सांभाळायची. दिवसभर उभं राहून तिच्या पोटऱ्यांवरच्या शिरा दोरखंडासारख्या फुगल्यात.

मी धुलाईवाल्यांच्या संघटनेचं काम करते. पहिल्या भेटीतच ती मला म्हणाली, "ताई, मला खुर्ची पाहिजे."

आमच्या धंद्यात खुर्ची म्हटलं की कान टवकारतात. "कसली गं?"

"बसायची," ती म्हणाली.

धुलाईघरात खुर्ची एकच, देखरेख करणाऱ्या बाईंची. त्या वर्षअखेर निवृत्त होणार होत्या. आतल्या कुणाकडे पदवी असेल तर जागा तिला, नाहीतर बाहेरून माणूस येणार, असा नियम. बाराखडीनं कधीतरी विद्यापीठात घरबसल्या शिकायचं नाव घातलं होतं, ते रखडत रखडत शेवटच्या वर्षापर्यंत आणलं होतं. एवढं वर्ष पार पडलं की पदवी, आणि पदवी झाली की खुर्ची. यंदा नाही तर मग नाहीच. बाहेरचा माणूस एकदा खुर्चीत बसला की तो काय पाच-दहा वर्षांत उठतोय?

तर त्या शेवटच्या वर्षाला एक विषय होता, आणि त्याचे वर्ग फोनवर भरायचे. सक्तीचे. तेही भर दुपारी. घरबसल्या शिकणारी माणसं घरी बसलेली असतात, अशी विद्यापीठाची समजूत असावी. वर्ग चालू असताना मधूनच पडद्यावर एक चौकोन उगवायचा, 'आपण उपस्थित आहात का?' खाली 'हो'. तो विझायच्या आत 'हो' दाबलं नाही तर तो तास गेला. आणि फार तास गेले तर परीक्षेला बसू देणार नाहीत, हे पहिल्याच दिवशी बजावलेलं. शेवटच्या ओळीत. ती तिनं वाचली होती.

सुरुवातीला ती मनापासून करायची. उशांच्या अभ्र्यांच्या ढिगाला फोन टेकवून ठेवायची आणि रुळावरून मान वळवून ऐकायची. शिकवणाऱ्या सरांचा पहिला सगळा वेळ एका प्रश्नात जायचा, "माझा आवाज येतोय का?"

"येतोय!" इकडून सगळ्या ओरडायच्या. "आमचा येतोय का?"

घड्या घालणाऱ्या काकी सगळ्यांत वयस्क. त्या म्हणायच्या, "उंटावरून शेळ्या हाकतोय मेला."

"काकी, सर आहेत ते."

"बरं बाई. हाकतायत मेले."

पण हात ओले, त्यावर रबरी मोजे. चौकोन उगवायचा तेव्हा चादर अर्धी रुळात असायची. सोडली तर जळणार. ती धावत यायची, तोवर चौकोन गायब. एका तासाला तर ती नुसती रडकुंडीला आली. तेव्हा काकींनी पदर खोचला. "माझे हात कोरडे असतात. दे इकडे. काय दाबायचं ते दाखव."

काकींनी ते काम असं अंगावर घेतलं की विचारू नका. एक बोट ॲप्रनला पुसायच्या, डॉक्टरच्या दारावरची घंटा दाबावी तसं 'हो' दाबायच्या आणि मोठ्यानं सांगायच्या, "झाली गं तुझी हजेरी!" मग एकदा बाराखडीचा फोन सोड्याच्या टबात पडला. दुरुस्त होईपर्यंत तिचं खातं काकींच्या फोनवर टाकलं. फोन दुरुस्त झाला, खातं तिथंच राहिलं. काकींच्या ॲप्रनच्या खिशात, आवाज बंद करून, पदवीचा वर्ग चालायचा.

इथं मी लपवालपवी करणार नाही. आपल्या माणसाचं लिहिताना त्याला धुऊन-पुसून इस्त्री करून मांडायची काही जणांना सवय असते. बाराखडी वर्ग बुडवत होती. नंतर नंतर सरांचा आवाजही तिच्या कानावर पडत नव्हता. घरी गेल्यावर बघीन म्हणायची. घरी म्हातारी आई, तिला आंघोळ घालायची, स्वयंपाक, भांडी. पुस्तक उघडलं की त्याच पानावर गाल टेकलेला. मी एकदा खडसावलं, "अगं, निदान पुस्तक तरी वाच!" तर म्हणाली, "वाचते की ताई. पहिलं पान मला तोंडपाठ आहे."

आणि त्यात आई पडली. न्हाणीघरात पाय घसरला, खुब्याचं हाड मोडलं. घरचं झालं थोडं अन् व्याह्यानं धाडलं घोडं. बाराखडी ॲप्रन न काढता धावली. हाडांच्या वॉर्डाबाहेर बाकड्यावर बसून तिनं विद्यापीठाला रजेचा अर्ज धाडला, सोबत डॉक्टरच्या कागदाचा फोटो. एवढ्या गडबडीत हे तिलाच सुचायचं. नियम वाचलेला होता ना, अडचणीत रजा मिळते, तास कापत नाहीत.

आणि तिकडे काकी? अर्जबिर्ज काकींना काय माहीत! त्यांना एवढंच कळलं की पोरीवर आभाळ कोसळलंय. मग निदान तिची हजेरी तरी बुडायला नको. आई दवाखान्यात होती तेवढे सगळे दिवस काकी वर्गाला बसल्या. एक चौकोन चुकवला नाही. पाणी प्यायला उठल्या नाहीत.

झालं. विद्यापीठाच्या दप्तरी बाराखडी रजेवर होती, आणि तेवढ्याच दिवसांत ती वर्गात सगळ्यांत जास्त हजर होती.

चौकशीचं बोलावणं आलं. सोबत एक माणूस चालेल, असं लिहिलं होतं, म्हणून मी गेले. माझं शिक्षण रस्त्यावरचं. असल्या समित्या मी पुष्कळ पाहिल्यात आणि त्यांच्यासमोर काय बोलायचं मला कळतं. बसमध्ये तिला पढवलं. "एकच वाक्य. यंत्राची चूक आहे, मला काही माहीत नाही. त्याच्यापुढं एक अक्षर नाही. ते घाबरतात यंत्राला, त्यांनाही त्यातलं कळत नसतं."

"यंत्राची चूक," ती म्हणाली.

"पुन्हा म्हण."

खिडकीला डोकं टेकून ती झोपली होती.

खोलीत लांब टेबल, पलीकडे समितीच्या मॅडम, आणि शेजारी ते सर. आवाजावरून ओळखले. वाटले होते त्यापेक्षा लहान, डोळ्यांखाली काळं, खांद्यावर लहान बाळानं लाळ गाळलेला डाग. माझ्या मनातला राक्षस तिथंच निम्मा झाला, याचा मला रागच आला.

मॅडम ओरडल्या नाहीत. म्हणाल्या, "रजा मागितली त्या दिवशी तुम्ही वर्गात कशा?"

बाराखडीनं माझ्याकडे पाहिलं. "यंत्राची चूक."

"असेल. मग त्या तासाला तुम्ही कुठं होता?"

"आईजवळ."

"आणि बाकीच्या तासांना?"

मी कोपरानं ढोसलं. तिनं तोंड उघडलं, मिटलं. आणि अगदी सरळ, कुणी वेळ विचारावी आणि सांगावी तसं म्हणाली, "चादरी दाबत होते."

मला वाटलं उठून भिंतीवर डोकं आपटावं. तिचं, माझं, कुणाचंही. नंतर मी विचारलं तेव्हा म्हणाली, "ताई, शूरपणा नाही हो तो. ते वाक्य धरून ठेवायला जोर लागत होता, तो नव्हता."

सर पहिल्यांदाच बोलले. "म्हणजे इतके दिवस मी कुणाला शिकवत होतो?"

"काकींना," ती म्हणाली. आणि मग तिच्या लक्षात आलं की आपण काय बोललो.

मॅडम पुढं वाकल्या. "हे बघा, मला तुमचं वर्ष घालवायचं नाही. आई आजारी होती, कागद खरा आहे. दुसऱ्या कुणी तुम्हाला न विचारता तुमचं खातं वापरलं असेल, तर तसं लिहून द्या. नाव आणि फोन. तुमची रजा मान्य, मागचे तास आपण भरून काढायला देऊ, परीक्षेला बसा. त्या व्यक्तीबद्दल आम्ही ती कामाला आहे तिथं कळवू. एवढंच."

एवढंच! कामावर फोन बाळगायला बंदी आहे, देखरेखीच्या बाई काणाडोळा करायच्या म्हणून चालायचं, हे मॅडमना माहीत नसेल, मला माहीत होतं. काकी कंत्राटावर. एक पत्र गेलं असतं की दुसऱ्या दिवशी फाटकावर त्यांना थांबवलं असतं, आणि त्या वयात त्यांना दुसरीकडे कोण उभं करतंय?

पण मॅडम सांगत होत्या ते खरंच होतं हो. त्या दिवसांपुरतं काकींनी न विचारताच दाबलं होतं. लिहून दिलं असतं तर त्यात खोटं काही नव्हतं. खुर्ची समोर ठेवलेली होती, फक्त बसायचं होतं. आणि मी, इतकी वर्षं एकजुटीच्या घोषणा देणारी, गप्प बसले. तिनं काय करावं हे माझ्या तोंडून निघेना.

"मीच सांगितलं होतं," बाराखडी म्हणाली. "त्या दिवशीही. मीच म्हटलं होतं दाबा."

"रजेचा अर्ज देऊन वर हजेरीही लावायला सांगितलीत?" मॅडमचा आवाज बदलला. "याचा अर्थ कळतो का तुम्हाला? मग ही चूक राहत नाही, फसवणूक होते."

"कळतो."

"नाव सांगायचं नाही?"

"नाव काय, काकी. सगळ्याच म्हणतात."

सरांनी कागदावर पेन ठेवलं होतं ते उचललं. मॅडमकडे न बघता म्हणाले, "काकी एवढंच लिहू. मला तरी बाकी काही ऐकू आलं नाही." मॅडमनी ऐकलं आणि तसंच राहू दिलं. तेवढी माणुसकी त्या खोलीत होती, ती मी नाकारत नाही. बाकी निकाल नियमाप्रमाणं. यंदाच्या परीक्षेला बसता येणार नाही. विषय पुढच्या वर्षी पहिल्यापासून, वर्ग सक्तीचे, कॅमेरा चालू ठेवून.

बाहेर आल्यावर मी तापले. "सोडणार नाही मी! भर दुपारी वर्ग ठेवतात आणि कामकरी बाईला फसवी म्हणतात? विद्यापीठाच्या फाटकासमोर बसू. सगळ्या जणी."

"बसू," ती म्हणाली. "पण सोमवार नको ताई. सोमवारी ऑपरेशनचे कपडे फार असतात."

मला हसू आलं नाही. ती विनोद करत नव्हती.

दुपारची अर्धी पाळी बाकी होती, म्हणून ती तशीच कामावर आली. मीही खाली उतरले. काकी वाटच बघत होत्या. "काय म्हणाले गं? झालं ना?"

"यंत्राची चूक निघाली काकी. पण नियम म्हणजे नियम. पुढच्या वर्षी."

"मेलं ते यंत्र!" काकींनी यंत्राच्या सात पिढ्या उद्धरल्या. मग जवळ येऊन तिच्या पाठीवरून हात फिरवला. "पुढच्या वर्षी मी अजून लक्ष देईन हो. डोळ्याला चष्माही घेतलाय आता."

"नको काकी. पुढच्या वर्षी तुम्ही नका दाबू. मला जमलं तर मी बसेन, नाहीतर बुडेल."

"का? चुकलं का माझं काही?"

"नाही."

"एक तरी चुकवला का मी? सांग ना, एक तरी?"

"नाही काकी. एकही नाही."

"मग?"

बाराखडी मोजे चढवून रुळाकडे गेली. काकी कितीतरी वेळ तिच्या पाठीकडे बघत राहिल्या. त्यांच्या चेहऱ्यावरचं मला बघवेना. उपकार करायला जावं आणि कुणी हातातलं ताट काढून घ्यावं, तसं झालं होतं. मग त्या खाली मान घालून घड्या घालू लागल्या. त्या दिवसापासून त्या तिच्याशी कामापुरतं बोलतात. "ही चादर फाटलीय." "पोतं भरलं." बाकीच्या बायका म्हणतात, पोरगी शिकायला गेली आणि शिष्ट झाली.

देखरेखीच्या खुर्चीवर बाहेरून एक गृहस्थ आलेत. सभ्य आहेत. मी विद्यापीठाला वर्गाच्या वेळेबद्दल लिहिलं, उत्तर नाही, फाटकासमोर बसायची तयारी चालू आहे. बाराखडीनं पुन्हा नाव घातलं. सगळं काकींना सांगून टाक, असं मी तिला म्हणाले होते. म्हणाली, "सांगितलं तर त्या विद्यापीठात जाऊन आपलं नाव सांगून येतील ताई. त्यांचा स्वभाव माहीत नाही का तुम्हाला? रुसू देत. कामावर आहेत ना."