बर्फाचा वास

गादीवाल्याच्या दुकानासमोरून जाताना नव्या कापसाचा तो उबदार, सरकीसारखा तेलकट वास आला की मला नरडाण्याजवळचं जिनिंगचं आवार आठवतं. मला हिमालयात स्कीइंग शिकायला जायचं होतं आणि त्याची तयारी करून घेणारं धुळ्यात कुणी सापडेना. जिमवाले नुसते हसायचे. शेवटी पोलीस भरतीच्या पोरांना मैदानावर पळवणारे एक निवृत्त फौजी भेटले. "बर्फावर शिकवायचं सर्टिफिकेट माझ्याकडे नाही, ते तिथले कोच शिकवतील. मी फक्त पाय तयार करीन आणि पडायला शिकवीन," ते म्हणाले. पडायला मऊ जागा हवी, म्हणून माझे वडील, नाना, ज्या जिनिंगमध्ये वजनकाट्यावर होते, तिथल्या कापसाच्या ढिगावर आमचा क्लास सुरू झाला. गुडघे वाकवून मी घसरायचे, कुशीवर पडायचे, पुन्हा चढायचे. एक दिवस नानाच चपला काढून वर चढले, माझ्यासारखे वाकून सरकत खाली आले आणि मिशीतला कापूस झटकत त्यांनी विचारलं, "बरफले वास कसा ऱ्हास व?" बर्फाला वास कसा असतो, या प्रश्नाने फौजी गोंधळले. "मी जाईसन सांगसू, नाना," मी म्हटलं. जायला पुढचा हिवाळा उजाडला, तोवर नाना राहिले नव्हते. तिथे पहिल्यांदा पडले ती अगदी शिकवल्यासारखी कुशीवर. पण कोच 'उठ, उठ' म्हणत असतानाही मी बर्फात तोंड खुपसून श्वास ओढत राहिले. बर्फाला वासच नव्हता. नानांना तेवढं सांगायला मी अजून थांबते, गादीवाल्याच्या दारात.