बैलजोडीने ओढत नेलेली अमेरिकन गाडी

नोकरीत हाताळलेल्या बहुतेक गुन्ह्यांची आता फक्त कलमे आठवतात. पण एक अमेरिकन गाडी बैलजोडीने ओढत आमच्या ठाण्याच्या आवारात आणली, ती सकाळ मात्र जशीच्या तशी डोळ्यांसमोर उभी आहे.

शहराचे नाव तेव्हा औरंगाबाद होते. मी फौजदार म्हणून नवीन होतो. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेला पहिला मीच. अंगावर वर्दी असली तरी मोठ्या घरातल्या माणसांशी बोलताना माझे शब्द अडखळायचे. असाच एका मोठ्या घरातला गृहस्थ त्या आठवड्यात फिर्याद घेऊन आला.

त्याच्या चुलत्यांचा बंगला पडेगावच्या बाजूला, दौलताबाद रस्त्यालगत होता. चुलते जुने जहागीरदार. लोक त्यांना मियाँसाहेब म्हणत. निजामाचे राज्य संपवणाऱ्या पोलीस ॲक्शननंतर जहागीर गेली, मग हळूहळू नोकरचाकर गेले. शेवटी बंगला, मियाँसाहेब आणि शेडमधली बंद पडलेली गाडी एवढेच उरले. फिर्यादी पुतण्या हैदराबादला नोकरीला होता. चुलत्यांना अर्धांगवायूचा झटका आल्याची तार मिळाली, म्हणून तो धावत आला. येऊन पाहतो तर शेड रिकामी.

“चाचांची वाचा गेली. ते आजारी पडलेले बघून कोणीतरी गाडी पळवली,” तो म्हणाला. गाडीचे वर्णन त्याने न अडखळता सांगितले. काळी, लांब, आणि बॉनेटवर पंख पसरलेला चांदीसारखा पक्षी.

चोरीचा माल लपवलेला असतो आणि तो शोधायला दिवस जातात. ही गाडी लपण्यासारखी नव्हतीच. आमचा एक खबरी चहाची टपरी चालवायचा. तो दुसऱ्याच दिवशी आला आणि म्हणाला, “साहेब, गारखेड्याकडं पत्र्याच्या शेडात कोणीतरी आगगाडीचा डबा आणून ठिवलाय म्हणतेत. चाकं तेवढी रबराची हायेत.”

गारखेडा म्हणजे तेव्हा बहुतेक शेतेच. मी आणि आमचे जमादार तिथे पोहोचलो, तेव्हा गाडीखालून एका माणसाचे फक्त पाय बाहेर आलेले होते.

“भायेर या,” जमादार म्हणाले. “पाय दिसू लागलेत तुमचे.”

बाहेर आला तो एका कॉलेजातला रसायनशास्त्राचा तरुण प्राध्यापक निघाला. तोंडाला ग्रीस, शर्टाला गंज. पळण्याचा त्याने विचारही केला नाही. हात पुसत म्हणाला, “साहेब, गाडी माझी आहे. मी विकत घेतलीय.”

“कागद?”

कागद नव्हता. पैसे दिले होते, पण पावती घेतली नव्हती. गाडीचे पुस्तक मियाँसाहेबांच्या नावावरच होते. रस्त्याने गाडी ओढत नेताना पाहिलेले दहा लोक सापडले असते, पण ती विकताना पाहिलेला एकही नव्हता.

जप्तीचा पंचनामा करताना आणखी एक गोष्ट त्याच्या विरोधात गेली. बॉनेटवर पक्षी नव्हता. तिथे दोन भोके होती आणि त्यांत स्वच्छ कापसाचे बोळे बसवले होते.

“पक्षी कुठंय?” मी विचारले.

“मियाँसाहेबांकडं.”

“व्हय का?” जमादार लिहिता लिहिता म्हणाले. “आन् अंडी कुठं घातली त्यानं?”

गाडी चालू होत नव्हती. शेजारच्या शेतकऱ्याची बैलजोडी मागून घेतली आणि मुद्देमाल ठाण्याकडे निघाला. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना माणसे येऊन उभी राहिली. कोणी आरडाओरडा करत नव्हते, नुसते बघत होते. गाडी आवारात शिरली तेव्हा ठाणे अंमलदार टेबल सोडून बाहेर आला. आणि आमचे जमादार, जे सकाळपासून प्राध्यापकाची टिंगल करत होते, त्यांनी टोपी सरळ केली, टाचा जुळवल्या आणि कडक सलाम ठोकला.

सगळे हसले. जमादार निजामी अमलात पोरवयात शिपाई म्हणून भरती झालेले. ते ओशाळले, पण लगेच म्हणाले, “हासा, हासा. ही गाडी समोरून गेली की सलाम ठोकायचा, नायतर पगार कापायचे. राज गेलं ते मला म्हाईत हाय, हाताला कोण सांगनार?”

मुद्देमालाची नोंद करण्याच्या निमित्ताने मी गाडीभोवती एक फेरी मारली. खरे सांगायचे तर एका फेरीत काम झाले होते, पण मी पुन्हा फिरलो. आमच्या गावी सर्वांत मोठी वस्तू म्हणजे मळणीयंत्र. ही गाडी धुळीने माखलेली होती, टायर बसलेले होते, तरी ती कुठूनही मोडकी वाटत नव्हती. मडगार्डची गोलाई हाताखालून संपतच नव्हती. समुद्रापलीकडे कुणा अनोळखी माणसांनी ही घडवली, आणि ती आपल्या ठाण्यातल्या कडुलिंबाखाली येऊन उभी आहे, याचे मला नवल वाटत राहिले. नोंदीत मी फक्त लिहिले, “चारचाकी वाहन एक, रंग काळा, बंद अवस्थेत.”

मग चौकशी सुरू झाली. प्राध्यापकाची नोकरी अजून कायम झालेली नव्हती.

“अटक झाली तर कॉलेज मला ठेवणार नाही, साहेब,” तो म्हणाला. “घरी शिकलेला मी एकटाच. चूल माझ्याच पगारावर पेटते.”

“मग असला शौक कशाला केला?”

तो अजिंठ्याकडच्या शेतकऱ्याचा मुलगा. तो लहान असताना मियाँसाहेबांच्या पाहुण्यांना लेणी बघायला नेणारी हीच गाडी याच्या गावाजवळ तापून थांबली होती. ड्रायव्हरने पाणी मागितले. याने घरून घागर आणली. पाणी ओतताना गाडीतून शुक्क आवाज करत वाफ आली, तेव्हा पोरगा घाबरून मागे सरला आणि त्याला चकचकीत बंपरमध्ये स्वतःचे तोंड दिसले.

“आमच्या घरात आरसा नव्हता, साहेब. मी पहिल्यांदा एवढा सबंध दिसलो तो त्या गाडीत.”

पुढे नोकरी लागल्यावर सायकलवरून दौलताबाद रस्त्याने जाताना त्याला एका शेडमधून मागचा भाग दिसला आणि त्याने ओळखला. कितीतरी रविवार तो मियाँसाहेबांकडे जात राहिला. ते स्वतः गाडी चालवायचे तेव्हाच्या गोष्टी सांगत, हा ऐकत बसे. शेवटी त्यांनीच विचारले, घेतोस का?

“तपासून तरी घेतली का?”

तो पहिल्यांदा हसला. “नाही. बैल घेताना दात बघतात. मी शिंगंच बघत बसलो. इंजिनात उंदरांनी घर केलंय हे नंतर कळलं.”

खोटे बोलणारा माणूस सगळे बिनचूक सांगतो, हे मला तोवर समजायला लागले होते. हा दोनदा चुकला आणि दोन्ही वेळा स्वतःच थांबून त्याने दुरुस्ती केली. माझा कल त्याच्याकडे झुकत होता. पण कल म्हणजे पुरावा नव्हे. मी पुन्हा पक्ष्याचे विचारले, तसा तो खाली बघू लागला.

“साहेब, मी रसायनशास्त्र शिकवतो. हे सांगायला मला बरं वाटत नाही.”

“सांगा.”

“सौदा ठरल्यावर मियाँसाहेब म्हणाले, गाड़ी ले जाव, चिड़िया मेरे कने रहने दो. मी म्हणालो, ठेवाच. आमच्याकडं बैल विकला तरी विकणारा दावं देत नाही. घेणाऱ्यानं आपलं दावं आणायचं असतं. ते लई हसले. म्हणाले, हमारे में बी घोड़ा बेचे तो लगाम नै देते. मग त्यांनी स्वतः पाना घेऊन पक्षी काढला. मी गावाहून आणलेला दोर गाडीला बांधला. आमच्या दोघांच्या लेखी व्यवहार पुरा झाला. कागदाची आठवण मला झाली नाही, त्यांनाही झाली नाही.”

दाराशी उभे असलेले जमादार आत आले. त्यांच्या आवाजात आता थट्टा नव्हती. “साहेब, हे खरं हाय. दाव्यासंगं लक्ष्मी जाती म्हणतेत. आमचा म्हातारा म्हस विकायचा आन् दावं खांद्यावर टाकून घरी यायचा. शिकलेला मानूस हे बनवून सांगनार नाय. त्याला लाज वाटंल.”

बाजाराची रीत कोर्टात चालली नसती. पण पक्षी मियाँसाहेबांकडे सापडला, तर गाडी नेली तेव्हा ते शुद्धीवर आणि राजी होते असे म्हणायला आधार मिळणार होता. पुतण्याला विचारले, तर तो प्राध्यापकाकडे बोट करून ठामपणे म्हणाला, “सगळं घर धुंडाळलं मी. कहीं नै है. बेच दिया होगा इनों.”

दुसऱ्या दिवशी दुपारी दोन पंच, मियाँसाहेबांवर उपचार करणारे डॉक्टर, पुतण्या आणि प्राध्यापक यांना घेऊन मी बंगल्यावर गेलो. खोलीत एकच पलंग होता. मियाँसाहेबांची उजवी बाजू लुळी पडलेली, वाचा गेलेली. डोळे मात्र लख्ख. डॉक्टर म्हणाले, “बोललेलं सगळं समजतं त्यांना. उत्तर तेवढं देता येत नाही.”

मी वाकलो. कोणत्या शब्दांत विचारावे हे सुचेना. शेवटी म्हणालो, “मियाँसाहेब, चिड़िया कहाँ है?”

त्यांचा डावा हात रजईखाली गेला. बराच वेळ तो आत चाचपडत होता. मग हातरुमालाची एक पुरचुंडी बाहेर आली. त्यांनी ती एका हाताने उलगडायचा प्रयत्न केला. पुतण्या मदतीला पुढे झाला, तर त्यांनी मानेने त्याला थांबवले. रुमाल सुटला आणि पक्षी दिसला. त्याचे दोन्ही स्क्रू नटांसकट जागेवर होते. कुठे ओरखडा नव्हता.

पुतण्याने घर शोधले होते, पण आजारी चुलत्याच्या रजईत हात घालायचे त्याच्या मनात आले नव्हते. मला त्याचा राग आला नाही.

“गाड़ी आप खुद दिये क्या इनको?” मी प्राध्यापकाकडे बोट दाखवून विचारले.

मियाँसाहेबांनी पुतण्याकडे पाहिले, बराच वेळ. मग पक्षी गादीवर ठेवला आणि मोकळ्या झालेल्या हाताने प्राध्यापकाला जवळ बोलावले. तो पलंगाशी गुडघ्यांवर बसला. मियाँसाहेबांनी त्याच्या डोक्यावर हात ठेवला. नंतर पक्षी उचलला आणि परत रजईखाली नेला.

मुक्या माणसाने खुणेने सांगितलेले कायदा तोंडी साक्षच मानतो, हे मी परीक्षेसाठी पाठ केले होते. ते प्रत्यक्षात कसे असते, हे त्या खोलीत पाहिले. जमादारांनी पंचनामा लिहिला. पक्षी जप्त करायचा का, असे त्यांनी मला नजरेने विचारले. मी नकारार्थी मान हलवली. त्यांनी लिहिले, “सदर पक्षी वृद्धाच्या ताब्यात राहू दिला.”

पुतण्या व्हरांड्यात जाऊन उभा राहिला होता. मी बाहेर आलो तेव्हा म्हणाला, “बचपन में मैं उसके बोनट पे बैठता था, साब. एक दफा मेरे को पूछते तो...” मग स्वतःच थांबला. “पूछ के क्या करते? मैं तो बेच देता था. मुंबई का आदमी देख के रख्या था. चाचा जानते थे.”

फिर्याद खोटी नव्हती, गैरसमजाची होती. तसा अहवाल मी कोर्टाला पाठवला आणि तो मंजूर झाला. डॉक्टरांसमक्ष मियाँसाहेबांच्या डाव्या अंगठ्याचा ठसा घेऊन गाडी रीतसर प्राध्यापकाच्या नावावर चढली. त्या कागदावर पुतण्याने साक्षीदार म्हणून सही केली. त्याला कोणी आग्रह केला नव्हता.

त्यानंतर मी प्रत्येक चोरीच्या तपासात एक प्रश्न विचारू लागलो. काय गेले हे सगळेच सांगतात, मी काय राहिले तेही विचारायचो. त्याने काही गुन्हे उलगडले, काही नाही. पण या प्रकरणाने मला शिकवले ते एवढेच, असे मला वाटत नाही.

उन्हाळ्याच्या सुट्टीत प्राध्यापकाने इंजिन उतरवले, साफ केले, पुन्हा चढवले. एका सकाळी तो ठाण्यात आला. “साहेब, चालू झाली. मियाँसाहेबांना दाखवायला नेतोय. येता का?” चालवायला तो अजून शिकतच होता, म्हणून मी सायकलने पुढे जाणे पसंत केले. मियाँसाहेबांच्या पलंगाशी पुतण्या बसला होता. सुट्टी काढून तो पुन्हा आला होता.

लांबून घरघर आली. आवाज वाढत गेला आणि खिडकीच्या काचा बारीक हलू लागल्या. मियाँसाहेबांनी डोळे मिटले. गाडी आवाराच्या चढावर आली आणि गिअर टाकताना इतक्या जोरात करकरली की पुतण्या चटकन उभा राहिला. पुन्हा एकदा तेच. तेवढ्यात माझे लक्ष रजईकडे गेले. मियाँसाहेबांचा डावा पाय रजईखाली हलत होता. ते क्लच दाबत होते. पूर्ण खाली, क्षणभर थांबून, मग सावकाश वर. बाहेरच्याला जे जमत नव्हते ते आत पडल्या पडल्या त्याला करून देत होते.

तिसऱ्या वेळी बाहेर गिअर आवाज न करता पडला. गाडी चढ चढून खिडकीखाली आली. रजईखालचा पाय थांबला.

मी इतकी वर्षे मालकी आणि कब्जा हे शब्द लिहिले. माझ्याच्याने जमले तेवढे ते अचूक लिहिले. पण त्या पायासाठी कोणता शब्द लिहायचा, हे मला त्या दिवशी कळले नाही आणि आजही नीट सांगता येत नाही.