उकिरड्यावरची सरकी

पाटलीणबाईंनी माझ्या हातातली सरकी काढून घेतली नाही. मलाच ती उकिरड्यावर फेकायला लावली.

मानोऱ्याजवळचं आमचं गाव. साल एकावन्न-बावन्नचं. पेरणीआधी आम्ही मजूर बाया सरकी शेणमातीत घोळत होतो, दाणे सुटे व्हावेत म्हणून. पाटलीणबाई सगळ्यांदेखत म्हणाल्या, "तू ऊठ वं. वांझेचा हात बियाले नको."

शेजारची हसली. "रोज पोट दुखते म्हन्ते. भरत त नाही."

लग्नाला चार वर्षं झाली होती. पहिल्याच वर्षापासून ओटीपोटात कळा. अंगात कणकण. अंगावरून पांढरं जायचं, वास यायचा. सासू म्हणायची, "बाईच्या जातीले दुखतेच." मी ऐकलं. कपडे लपवून वाळवले.

त्याच आठवड्यात शेतात ताप चढून पडले. माहेराहून आलेल्या आईनं बैलगाडीत घालून वाशिमच्या दवाखान्यात नेलं. डॉक्टरीणबाईंनी तपासलं. विचारलं, "नवऱ्यानं कधी सुया घेतल्या?"

घेतल्या होत्या. लग्नानंतर तीन महिन्यांनी, कारंज्याला. त्याला लघवीला जळजळ व्हायची. तो आत दवाखान्यात गेला. मी बाहेर गाडीजवळ बसले होते, त्याच्या भाकरीचं गाठोडं मांडीवर घेऊन.

"रोग त्याच्याकडून आला," बाई म्हणाल्या. "त्याला औषध मिळालं, तुला नाही. गर्भपिशवीतून सूज नळ्यांत चढली. नळ्या चिकटल्या. दुखणं थांबेल. मूल होणं कठीण."

"मंग मी वांझ नाही?"

"तू आजारी होतीस. तुला वेळेवर कुणी आणलं नाही."

सुया घेऊन घरी आले. नवरा दोर वळत होता. विचारलं, तुमाले माहीत होतं का? त्यानं मान वर केली नाही.

"डागदर म्हने, बायकोले आन. मले लाज वाटली."

मी चूल पेटवली. भाकरी करपली. तो जेवला.

आठ-दहा दिवसांनी कामावर गेले तर उकिरड्याच्या कडेला सरकी उगवलेली. माझ्या हातची. दोन-दोन पानांची रोपं.

पाटलीणबाई म्हणाल्या, "उपट ते. अपशकुन हाय."

वाकले. एका रोपाला हात लागला. तशीच उठले.

"नाही उपटत. मी वांझ नाही, बाई. मले रोग लागला अन् दवा नाही भेटली."

 त्या दिवशी हसलेली खाली बघून माती उकरू लागली.

"जीभ लय वाढली तुही. उद्यापासून येऊ नको."

"नाही येत."

मला मूल झालं नाही. ते दुःख गेलेलं नाही, जाणारही नाही. पण गावात कुणाचा नवरा सुई घेऊन आला असं कळलं, की मी त्याच्या दारात जाऊन उभी राहते. त्याच्यादेखत बायकोला विचारते, "तुले नेलं का?" शिव्या खाते. हलत नाही. ती गाडीत बसली, की मगच घरी जाते. आणि तिला बजावते, दवाखान्याबाहेर गाडीजवळ बसून राहू नको. आत जा.