तरंगणारे दाणे

हे मी आजवर जिभेवर येऊ दिलेलं नाही. नवऱ्यापाशी नाही, मुलापाशी नाही. आता मराठीत लिहितेय, कारण आमच्या तंजावरच्या घरात देवनागरी वाचणारी मीच एक उरले — म्हणजे सांगतानाही आडोसा धरलाच, नाही का?

रसायनशास्त्र शिकवण्यात माझी नोकरी सरली. निवृत्त बाईला विचारतंय कोण? मग दर रविवारी ओरत्तनाडूच्या वाटेवर, एका नारळीच्या बागेत भरणाऱ्या नैसर्गिक अन्नाच्या बाजाराला जाऊ लागले. जुन्या वाणांचे लाल तांदूळ, घाण्याचं तेल, गूळ. माणसं फार चांगली — आजही म्हणेन. फवारण्या करून करून त्यांच्या जमिनी खरंच नासल्या होत्या आणि ते कधी कुणी कबूल केलं नव्हतं. राग खरा होता. पण त्या रागाला हळूहळू जिथेतिथे कारस्थानच दिसायला लागलं. रेशनच्या तांदळात, लोकांच्या अंगात रक्त वाढावं म्हणून, लोह घालून बनवलेले दाणे मिसळून येऊ लागले, तेव्हा तर ठरूनच गेलं — हे प्लास्टिक आहे, आपल्या बायकांना वांझ करायचा सरकारचा आणि कंपन्यांचा डाव आहे.

मी गप्प बसले असते तरी चाललं असतं. पण बाजार चालवणारे गृहस्थ म्हणाले, टीचर, तुम्ही शास्त्राच्या, तुम्हीच करून दाखवा.

आणि मी — काय सांगू — खुलले. पातेलंभर पाण्यात रेशनचा तांदूळ टाकला. ते दाणे वर तरंगले. एक चिमट्यात धरून पणतीवर जाळला. काळा पडला, वास सुटला. बघा, एवढंच म्हणाले. खोटं एक अक्षर बोलले नाही, अशी मी स्वतःची किती वर्षं समजूत घालतेय. तांदळाचंच पीठ दाबून केलेला दाणा तरंगू शकतो, आणि कुठलाही तांदूळ जाळला की करपतोच — हे मला ठाऊक नव्हतं? शेजारी साधा तांदूळ जाळून दाखवायचा, इतकंच करायचं होतं. मुद्दाम केलं नाही. सगळे माझ्याकडे बघत होते. बरं वाटत होतं.

त्यांत सेल्वी होती. कालव्यापलीकडच्या गावाहून बसने पालेभाजी विकायला यायची. पाचवा महिना चालू होता. बाजारातले लाल तांदूळ तिला कुठले परवडायला? त्या दिवसापासून ती रेशनचा तांदूळ भिजवून वर येणारा दाणा न् दाणा वेचून फेकू लागली. दवाखान्यातल्या लोहाच्या गोळ्याही — त्याच डावातल्या असणार म्हणून — कालव्यात.

बाळंतपणात तिला रक्त चढवावं लागलं. मुलगी झाली, एवढीशी. मी फळं घेऊन बघायला गेले. तिथे तरी बोलता आलं असतं, नाही? तिच्या आईने माझे हात धरले. म्हणाली, टीचर, तुम्ही वेळेवर सावध केलंत, नाहीतर ही पोरही हाती लागली नसती. मी हात धरू दिले. मग बसने घरी आले आणि जेवले.

मुलगी आता तीन वर्षांची आहे. पांढुरकी दिसते, लवकर दमते. गेल्या रविवारी सेल्वी तिला घेऊन आली होती. मला कौतुकाने सांगत होती, अम्मा, आता दाणे हीच वेचते, एक सोडत नाही. मुलीने मूठ उघडून मला दाखवली आणि शाबासकीसाठी वर बघत राहिली.

मी दिली.