मनूच्या मापाच्या बांगड्या

"खाला गेल्या," एवढंच शेजारच्या सुमननं कुंपणावरून सांगितलं आणि ती पुन्हा कपडे वाळत घालायला लागली. मी ओट्याला टेकले. कढईतली भाजी करपली तरी हात हलेना. रजियाखाला गेल्या... आणि त्यांची माफी मागायची राहिली ती कायमची.

झरी गावातल्या आमच्या गल्लीत आईनं, मी आणि माझ्या लेकीनं, मनूनं, खालांच्याच हातून बांगड्या भरल्या. दुकान म्हणजे त्यांच्या घराची पुढची खोली. खाला कधी नंबर विचारत नसत. हात हातात घेऊन बोटं दाबली की माप कळलंच. "अंगठा आत घे बाई, हात ढिला सोड. मंग लागत न्हाई." एकदा परभणीत स्वस्त मिळतात म्हणून मी कुरकुरले, तर आई उखडली. "तिची चूल आपल्या हातांवर पेटती. तितंच घ्यायच्या." आई होती तोवर हा कायदा कुणी मोडला नाही.

मोडला मी. मनूचं लग्न ठरलं त्या सुमारास फोनवर एकच मेसेज फिरत होता, मुसलमानांच्या दुकानातून काही घेऊ नका. खालांच्या दारातल्या चपला एकेक करून कमी झाल्या. मला तो मेसेज पटला नव्हता. पटला नव्हता तरी घाबरले, याचीच जास्त लाज वाटते. व्याही काय म्हणतील? चुडा भरायला खालांना निरोप धाडलाच नाही. नंबर सांगून परभणीहून बांगड्या मागवल्या. त्या मनूच्या हातात जाईनात. साबण लावला, तेल लावलं, दोन वाढल्या, पोरीचं मनगट रक्ताळलं. ती रडत म्हणाली, "आई, खालाला बोलीव ना. दोन घरं सोडून तर हाय." मी नाही बोलावलं.

लग्नानंतर खाला रस्त्यात भेटल्या. "लय वाट बघितली बाई. म्हटलं, घाईत इसरली आसशील." मी "हो" म्हणाले. विसरले म्हणे! माझी जीभ कशी झडली नाही, देव जाणे.

खालांचा चाळिसावा दिवस झाल्यावर मी त्यांच्या घरी गेले. सून शबाना सामान बांधत होती, नवऱ्याला पुण्याकडे काम मिळालं होतं. मी पर्स गच्च धरून म्हणाले, "बांगड्या दे गं. असतील तेवढ्या सगळ्या दे."

"कुठल्या काकी? गिऱ्हाईकच न्हाई, तर माल कशाला भरावा?"

सगळे खण रिकामे होते. मग तिनं पेटीतून वर्तमानपत्राची एक पुडी काढली. "ह्या अम्मीनं मनूसाठी काढून ठेवल्या व्हत्या. कुणाला इकू दिल्या न्हाईत." मी पैसे पुढे केले. तिनं घेतले नाहीत. मला खर्च करायचा होता, अगदी जीव तोडून करायचा होता, आणि तो करायला ती जागाच उरली नव्हती.

मनू माहेरी आली तेव्हा पुडी सोडली. हिरव्यागार बांगड्या. तिनं सवयीनं अंगठा आत घेतला, हात ढिला सोडला. साबण लागला नाही, तेल लागलं नाही... सगळ्या अलगद गेल्या. मी तिचा हात सोडला आणि भिंतीकडे तोंड करून रडले.