मागच्या खोलीतली यादी

चूक माझी नव्हती, हे आधीच सांगून ठेवतो. चहा संपेपर्यंत तुम्ही कोणाच्या बाजूने व्हायचं ते व्हा.

आमच्या अमरावतीच्या घरातला कंप्युटर म्हातारा झाला होता. तो सुरू केला की माझी आंघोळ-पूजा आटोपायची, तरी त्याचं गरगर फिरणं थांबायचं नाही. त्यात मुलीचं लग्न महिन्यावर आलेलं. बायकोने, म्हणजे सुनंदाने, पंधरा दिवस खपून निमंत्रणाची यादी त्याच कंप्युटरवर टाइप केली होती. चारशे नावं, गाववार. कोणाला नुसती पत्रिका पाठवून भागेल आणि कोणाच्या घरी जाऊन अक्षत द्यावी लागेल, हेही त्यात. आमच्याकडे अक्षत चुकली की माणूस वीस वर्षं बोलत नाही.

मुलगी म्हणाली, "बाबा, दुकानात द्या ना."

"काहून? मी काय अडाणी आहो का? कारखान्यातून आला होता तसा करून देतो त्याले."

"अन् माह्या यादीचं?" सुनंदाने विचारलं.

"ते मी पाह्यतो."

आणि पाहिलंही, बरं का. घराला चुना मारताना आपण काय करतो? पुढच्या खोलीतलं सामान मागच्या खोलीत नेतो. कंप्युटरलाही सी आणि डी अशा दोन खोल्या असतात. मी यादी सीमधून उचलली, डीमध्ये ठेवली आणि रिसेट दाबलं. त्याने विचारलं, एकच ड्राइव्ह पुसू की सगळे? आता तुम्हीच सांगा, चुना मारायला घेतल्यावर एक खोली कशाला सोडायची?

दोन तासांनी कंप्युटर कोराकरकरीत झाला. मागच्या खोलीसकट.

सांगतो कोणाला? तीस वर्षं शाळेत हजेरी घेतलेला माणूस मी, चारशे नावं म्हणजे काय मोठं? आठवून आठवून वहीत लिहिली आणि अक्षत वाटत फिरलो. मोझरी झालं, हिवरखेड झालं.

"यादीपरमानंच चालू आहे ना?" सुनंदा रोज विचारायची.

"तंतोतंत," मी म्हणायचो.

लग्नाला चार दिवस उरले असताना अकोल्याहून संजूचा फोन आला. संजू म्हणजे सुनंदाचा सख्खा भाऊ, नवरीचा मामा. "भाऊजी, मी लग्नाले येऊ का नको, तेवढं सांगून द्या."

मामालाच अक्षत नाही. आता नवरीला मांडवात कोण आणणार? फोन स्पीकरवर होता, सुनंदा माझ्याकडे बघत होती आणि खरं सांगतो, मी घाबरलो. तरी म्हटलं, "घरच्या माणसाले शेवटी द्यावं लागते." तशीच पिशवी उचलली आणि अकोल्याची बस धरली.

संजूच्या हातात अक्षत ठेवली आणि झालं ते सगळं त्याला सांगून टाकलं. मग त्याने मोबाइल काढला.

"यादी तं माह्यापाशी आहे, भाऊजी. ताईनं मले तवाच पाठवली होती, नावं तपासाले. पयल्याच दिवशी एक फोन केला असता तं काय झालं असतं?"

पहिलं नाव त्याचंच होतं. त्याने माझ्या पिशवीतली वही घेऊन यादीशी ताडून पाहिली.

"ताईले सांगू नको," मी म्हटलं.

"नाही सांगत. पण उठा, तुमचे अजून सात घरं राह्यले."

सातही घरी त्याने मला स्कूटरवर मागे बसवून नेलं. तरी मी म्हणतो, दुकानात दिला असता तर इतकं चांगलं काम झालं नसतं. आमचा कंप्युटर आता चुटकीसरशी सुरू होतो. उघडायला त्यात काही नाही, ही वेगळी गोष्ट.